आधी रोबो चालू द्या, व्याख्या मागून येतील

प्रति,
प्रथम वर्ष संगणक अभ्यासक्रम मंडळाचे सर्व सदस्य,
आणि बडोद्यात हा विषय शिकवणारे सर्व सर-मॅडम

सप्रेम नमस्कार.

नव्या सत्राचा अभ्यासक्रम पाहिला. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचा (ओओपी) पेपर होता तसाच आहे. पहिल्या युनिटमध्ये क्लास (साचा), ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनलेली वस्तू), एन्कॅप्सुलेशन (आतला डेटा झाकणं), ॲब्स्ट्रॅक्शन (नको तो तपशील लपवणं), इनहेरिटन्स (वारसा) आणि पॉलिमॉर्फिझम (आज्ञा एक, पाळण्याची रीत ज्याची त्याची) यांच्या व्याख्या, प्रोसिजरल म्हणजे पायरीपायरीने सूचना लिहिण्याच्या पद्धतीशी तुलनेचा तक्ता, आणि शेवटी ओओपीचे फायदे. म्हणजे ज्या मुलाने अजून एकही ऑब्जेक्ट तयार केलेला नाही, त्याने आधी ऑब्जेक्टचे फायदे लिहायचे. हे युनिट काढून टाकावं आणि पहिले चार-पाच आठवडे मुलांच्या हाती पडद्यावर चालणारा रोबो द्यावा, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी दांडिया बाजारात संगणकाचा क्लास घेते. वेगवेगळ्या कॉलेजांची मुलं संध्याकाळी येतात. काही घरी मराठी बोलणारी, काही गुजराती, आणि जिन्यात एकमेकांशी सगळी हिंदी. परीक्षा जवळ आली की चपलांची रांग खालच्या पायरीपर्यंत जाते. नव्या मुलाला मी आधी विचारते, ऑब्जेक्ट म्हणजे काय? "क्लासचा इन्स्टन्स, मॅडम." इन्स्टन्स म्हणजे? जरा थांबून, "ऑब्जेक्ट." पेपरात याला पूर्ण गुण मिळतील. मग विचारते, एका क्लासचे दोन ऑब्जेक्ट केले आणि पहिल्यात काही बदललं, तर दुसऱ्यातही बदलेल का? इथे वर्गात दोन तट पडतात आणि हात वर करून मतदान सुरू होतं.

मुलांची चूक नाही. त्यांना जी उदाहरणं दिली जातात त्यांत बघण्यासारखं काही घडतच नाही. ॲनिमल नावाचा क्लास, त्याचा वारसा घेणारे डॉग आणि कॅट. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, म्हणजे स्क्रीनवर दोन ओळी छापल्या जातात. दोन ओळी छापायला वारसा कशाला हवा, असं एखाद्या चुणचुणीत मुलीने विचारलं तर तिला उत्तर नसतं. "पुढे कळेल" असतं. दुसरं लाडकं उदाहरण स्टुडंटचं: नाव, रोल नंबर, गुण, सगळं प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून हात न लावता येणारं, आणि लगेच खाली प्रत्येकासाठी वाचायला एक गेट आणि बदलायला एक सेट. दाराला कुलूप लावून किल्ली त्याच कुलपात ठेवायची आणि याला एन्कॅप्सुलेशन म्हणायचं! जावा भाषेत शिकवत असाल तर त्याआधी "पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन" हा मंत्र आहेच. त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ पहिल्या दिवशी सांगता येत नाही, म्हणून तो गायत्रीसारखा पाठ करून घेतला जातो.

आता रोबोकडे वळते. रिचर्ड पॅटिस स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना त्यांनी नवशिक्यांसाठी एक अगदी छोटी भाषा तयार केली आणि १९८१ साली ती पुस्तकरूपाने आली. रोबोचं नाव कॅरल. 'रोबो' हा शब्द ज्यांच्या नाटकातून जगभर गेला त्या चेक लेखक कारेल चापेक यांच्यावरून ठेवलेलं. कॅरलचं जग म्हणजे चौकटींचं शहर: आडवे रस्ते, उभे रस्ते, ते मिळतात तिथे चौक, मध्ये कुठे कुठे भिंती, आणि चौकात ठेवलेले बीपर नावाचे ठोकळे. कॅरलला पाच गोष्टी येतात. एक चौक पुढे जाणं, डावीकडे वळणं, बीपर उचलणं, बीपर ठेवणं आणि स्वतःला बंद करणं. पुढचा रस्ता मोकळा आहे का, या चौकात बीपर आहे का, आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे, एवढं त्याला कळतं. उजवीकडे वळता येत नाही. ते मुद्दाम दिलेलं नाही.

बडोद्याच्या मुलाला हे समजवायला फळासुद्धा लागत नाही. जुन्या शहराच्या मधोमध मांडवीखाली उभं राहा, तोंड चांपानेर दरवाजाकडे, म्हणजे उत्तरेला. एकदा डावीकडे वळलात की समोर लहेरीपुरा दरवाजा, आणखी एकदा वळलात की गेंडी गेट, तिसऱ्यांदा पाणीगेट. आणि चांपानेर दरवाजाकडे तोंड असताना उजव्या हाताला काय असतं? पाणीगेटच. तीन डावी वळणं मिळून एक उजवं झालं. ते तीनदा लिहिण्यापेक्षा त्याला एक नाव द्यावं असं मुलाला आपणहून वाटतं, आणि त्याच क्षणी त्याने पहिली मेथड, म्हणजे नाव दिलेली कृती, लिहिलेली असते. सीमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो भाषा १९६७ मध्ये तयार केली; पुढे तिच्यात आज्ञेने फिरणारं कासव आलं, तेव्हा पॅपर्टही हेच सांगत होते की मूल स्वतः कासव होऊन, अंग वळवून विचार करतं. माझ्या वर्गात अठरा वर्षांची मुलं खुर्चीतून उठून स्वतःभोवती गिरक्या घेतात. हसतात, पण घेतात.

पण इथेच थांबलो तर ते आपल्या पेपराचं काम नाही. मूळ कॅरल भाषा पास्कल या जुन्या भाषेच्या वळणाची, आणि तिच्यात रोबो एकटा. एकटा रोबो लूप (तेच पुन्हा पुन्हा करणं) आणि इफ (अट) छान शिकवतो, पण ऑब्जेक्ट शिकवायला किमान दोन लागतात. ही अडचण पॅटिस यांच्यासह बर्गिन, स्टेहलिक आणि रॉबर्ट्स यांनी १९९७ मध्ये सोडवली. त्यांची नवी आवृत्ती सी प्लस प्लस भाषेच्या धर्तीवर होती, नंतर जावातही आली. तिच्यात रोबो हा क्लास आहे. रोबो जन्माला घालताना चार गोष्टी सांगायच्या: कितव्या आडव्या रस्त्यावर, कितव्या उभ्या रस्त्यावर, तोंड कुठे, आणि पिशवीत बीपर किती. ऑब्जेक्ट जन्माला घालणारा कन्स्ट्रक्टर म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण या चार गोष्टी सांगितल्याशिवाय रोबो उभाच कुठे करणार?

दोन रोबो करा. एक पहिल्या रस्त्यावर, एक तिसऱ्या. पहिल्याला पुढे जायला सांगा. तो गेला, दुसरा जागचा हलला नाही. मघाचं मतदान संपलं.

एन्कॅप्सुलेशनही असंच डोळ्यांसमोर येतं. रोबोचा रस्ता कितवा हे रोबोच्या आत आहे. बाहेरून तो आकडा बदलायची सोय नाही. तुम्ही फक्त "पुढे जा" म्हणू शकता, आणि समोर भिंत असेल तर रोबो पुढे न जाता चूक झाल्याचं सांगून बंद पडतो. रिकाम्या चौकात बीपर उचलायला सांगितला तरी तसंच. मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, याला थेट सातव्या रस्त्यावर ठेवता येत नाही का?" ठेवता आलं असतं तर तो भिंतीतून आरपार गेला असता, मग भिंतीला अर्थ काय उरला? आतला डेटा का झाकायचा, तर ऑब्जेक्ट अशक्य अवस्थेत जाऊ नये म्हणून. हे कारण मला स्टुडंटच्या रोल नंबरवरून कधीच पटवता आलं नसतं. याच कारणासाठी पायथन भाषेसोबत फुकट येणारं कासव मला दुसऱ्या क्रमांकाचं वाटतं. सोय उत्तम, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, दोन कासवं करून दोघांना वेगळं चालवता येतं. पण त्याला थेट "अमुक जागी जा" सांगता येतं आणि त्याच्या जगात भिंती नाहीत. काहीच नसेल तर कासव घ्या, जमलं तर भिंतीवाला रोबो घ्या.

सगळ्यात मोठा लाभ मात्र रेफरन्सचा, म्हणजे नाव आणि त्यामागचा ऑब्जेक्ट यांच्या नात्याचा, आहे, आणि त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिसऱ्या वर्षापर्यंत मुलं इथेच अडखळताना दिसतात. एक रोबो करा, त्याला 'अ' म्हणा. पुढची ओळ लिहा: ब बरोबर अ. आता 'ब'ला पुढे जायला सांगा. चालवण्याआधी वर्गाला विचारा, पडद्यावर किती रोबो दिसतील? बहुतेक जण दोन म्हणतात. चालवा. एकच रोबो आहे, आणि 'ब'ला सांगितलेलं ऐकून तोच चालला. नावं दोन, रोबो एक. आता 'अ'ला डावीकडे वळवा, तोच वळला. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला पुढे लिंक्ड लिस्टमधले, म्हणजे नोंदींच्या साखळीतले, बाण जड जात नाहीत. मग 'अ' जाहीर करून त्यात नल, म्हणजे 'कोणीच नाही', ठेवा, रोबो बनवूच नका, आणि त्याला पुढे जायला सांगा. शहर रिकामं, आणि खाली जावाची नल पॉइंटरची तक्रार. या तक्रारीला एरवी मुलं भुतासारखी घाबरतात. इथे त्यांना रिकामा चौक दिसतो आणि ती म्हणतात, अरे, चालायला कोणी आहेच कुठे. सी प्लस प्लस शिकवणाऱ्यांनी इथे सावध राहावं. तिथे ऑब्जेक्टला ऑब्जेक्ट असाइन केला तर प्रत होते, जावा आणि पायथनमध्ये फक्त आणखी एक नाव जडतं. दोन्ही भाषा माहीत असलेल्या मुलांना हा फरक रोबोंवर दाखवा. कागदावर पेट्या काढून तो समजतो, असा माझा अनुभव नाही.

वारशासाठी कुत्र्या-मांजरांना रजा द्यावी. साध्या रोबोला उजवीकडे वळता येत नाही, तर त्याचं सगळं घेऊन वर एवढी एकच गोष्ट शिकलेला नवा रोबो तयार करा. मग एक झाडूवाला: प्रत्येक पाऊल टाकल्यावर त्या चौकातले सगळे बीपर उचलणारा. यासाठी "पुढे जा" हीच आज्ञा नव्याने लिहावी लागते, आणि त्यात आधी जुनं "पुढे जा" वापरावं लागतं. अर्धा वर्ग आत सरळ "पुढे जा" लिहितो. मग ती मेथड स्वतःलाच बोलावते, ती पुन्हा स्वतःला, आणि रोबो जागेवर ढिम्म उभा असताना खाली चूक दाखवणाऱ्या लाल ओळींचा पाऊस पडतो. जुन्या क्लासची मेथड बोलावणारा 'सुपर' हा शब्द कशासाठी आहे, हे त्या पावसानंतर कोणी विसरत नाही. शेवटी पाच रोबो एका ओळीत उभे करा: दोन साधे, दोन झाडूवाले, एक पेरणारा, म्हणजे दर चौकात एक बीपर टाकत जाणारा. एकाच लूपमधून पाचही जणांना "पुढे जा" म्हणा. कोण कोणत्या क्लासचा हे त्या लूपला माहीत नाही, पण प्रत्येक जण आपापल्या परीने पुढे जातो आणि त्यांच्या मागच्या रस्त्यांवर त्याचा पुरावा राहतो. त्यानंतर फळ्यावर पॉलिमॉर्फिझम लिहा. तेव्हा व्याख्या द्यायला माझी काही हरकत नाही.

कोणी म्हणेल, खऱ्या विषयाला ही खेळण्याची जोड कशाला. तर विषयाचा इतिहासच उलटा आहे. क्लास आणि ऑब्जेक्ट प्रथम जन्मले ते सिम्युलेशनसाठी. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये उले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार यांना प्रत्यक्ष जगातल्या व्यवस्था संगणकावर चालवून पाहायच्या होत्या. त्यातून सिम्युला ६७ ही भाषा आली, आणि त्याबद्दल संगणकशास्त्रातला २००१ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळाला. ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरली होती. १९७९ मध्ये त्यांनी सी भाषेला क्लास जोडायला घेतले ते त्या आठवणीवर, आणि त्याचीच पुढे सी प्लस प्लस झाली. आपण मुलांना रोबोचं सिम्युलेशन दिलं तर ऑब्जेक्टला त्याच्या माहेरी नेल्यासारखं होईल, एवढंच.

"हा शाळकरी प्रकार आहे" हा आक्षेप मला एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तोंडावर ऐकवला. स्टॅनफर्डच्या पहिल्या प्रोग्रॅमिंग कोर्सची सुरुवात वर्षानुवर्षं कॅरलने होत आली आहे, आणि २०२० मध्ये त्यांनी जगभरातल्या नवशिक्यांसाठी मोफत कोर्स काढला तेव्हा तिथेही पहिले धडे कॅरलचेच होते, फक्त पायथनमध्ये. त्यांना लाज वाटत नाही तर आपण कशाला वाटून घ्यायची? मोफत मिळणाऱ्या बऱ्याच आवृत्त्यांत रोबो एकटाच असतो एवढं मात्र पाहून घ्या. आपल्याला अनेक रोबो आणि क्लास असलेली आवृत्ती हवी.

दुसरीकडे काही जण फारच उत्साही होतात: सिम्युलेटेड कशाला, खरेच रोबो विकत घेऊ! कृपा करून नको. खऱ्या रोबोचं चाक घसरतं, बॅटरी उतरते, डावं वळण नव्वद अंशांऐवजी ब्याऐंशी अंशांत येतं, आणि मुलाचा तास प्रोग्रॅम तपासण्याऐवजी सेल बदलण्यात जातो. शिवाय साठ मुलांत चार किट. तपासणी समिती येऊन गेली की किट कुलूपबंद कपाटात जातात, हे आपल्यापैकी कोणाला नवीन आहे? पडद्यावरचा रोबो लॅबमधल्या जुन्यात जुन्या संगणकावर चालतो आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा मिळतो. तो कधीच चुकत नाही, म्हणून चूक कुठे आहे याबद्दल वादही राहत नाही.

त्याच्या मर्यादा मला ठाऊक आहेत. रोबोकडे मजकूर नाही, फाइल नाही, गुणांची बेरीज नाही. त्याच्या कोड्यांत रमलेली मुलं कधी कधी ऑब्जेक्ट सोडून भूमितीच सोडवत बसतात. आणि सगळेच ऑब्जेक्ट नकाशावर उभे नसतात: बँकेचं खातं कुठल्या चौकात आहे, हा प्रश्नच होत नाही. म्हणून पाचव्या आठवड्यानंतर रोबोला निरोप द्यायचा, आणि लगेच खात्याचं उदाहरण घ्यायचं. पिशवीतले बीपर जसे बाहेरून वाढवता येत नाहीत तशीच खात्यातली शिल्लक; भिंतीला धडकणं तसंच शिल्लकीपेक्षा जास्त पैसे काढणं. हा पूल शिक्षकाने बांधावा लागतो, तो आपोआप होत नाही. सत्रभर रोबोच चालवत राहिलात तर प्लेसमेंटची काळजी करणाऱ्या पालकांची तक्रार रास्त ठरेल.

भाषेबद्दल थोडं. जावा आणि पायथन ३ दोन्ही देवनागरीत लिहिलेली नावं स्वीकारतात. माझ्याकडे एकाने मेथडचं नाव 'उजवीकडे_वळ' ठेवलं, शेजारच्या मुलीने गुजरातीत 'जमणे_वळ' ठेवलं, आणि दोघांचेही रोबो पाणीगेटकडेच वळले. पुढे कंपनीत इंग्रजी नावं द्यावी लागतील, ती देतीलही. पण पहिल्या आठवड्यात डोक्यावरचं एक ओझं कमी होतं. या शहराला हे नवं नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं, आणि त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेतून आणि हात चालवून व्हावं. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची तंत्रशाखा बनलं. एकशे तीस वर्षांपूर्वी जिथे हात काळे करून शिकवत होते, तिथल्याच गल्ल्यांत आज कोणी प्रोग्रॅमिंग वहीत उतरवून घेत असेल तर मला ते सहन होत नाही.

आता परीक्षा, कारण ती बदलली नाही तर बाकी काहीही बदललं तरी शिक्षक पुन्हा व्याख्याच लिहून देतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पहिल्या युनिट टेस्टमधून "व्याख्या द्या" आणि "फरक स्पष्ट करा" काढा. त्याऐवजी छापील नकाशा आणि छोटा प्रोग्रॅम द्या आणि विचारा, शेवटी कोणता रोबो कोणत्या चौकात, तोंड कुठे, पिशवीत किती. तपासायला सोपं, पाठ करून न जमणारं. प्रॅक्टिकलला असा प्रश्न ठेवा: एका लांब रस्त्यावर चौकाचौकांत बीपर पडले आहेत, एक रोबो पूर्वेकडून गोळा करत येतो, दुसरा पश्चिमेकडून, एका चौकात भेटले की दोघांनी थांबायचं. पाच चौकांतले बीपर उचलायला पावलं चारच लागतात, त्यामुळे शेवटच्या चौकातला बीपर राहून जातो की नाही हेही यात कळतं. आणि व्हायव्हाला एक्सटर्नलने जर्नल चाळत बसू नये. मुलाच्या समोर नकाशातली एक भिंत एक चौक सरकवावी आणि विचारावं, आता तुझा प्रोग्रॅम चालेल का, आणि का. जर्नल कोणाचं उतरवलं आहे ते दोन मिनिटांत कळतं.

शिक्षकांना यासाठी एक सुट्टीतला आठवडा लागेल, त्याहून जास्त नाही. त्या आठवड्यात त्यांनी स्वतः झाडूवाला रोबो लिहावा, लाल ओळींचा पाऊस स्वतः पाहावा. नकाशे मी काढून ठेवलेले आहेत, सोपे आणि अवघड दोन्ही; पेन ड्राइव्हवर आणून देईन, कोणाचंही नाव न घालता वापरा. बैठकीची तारीख तेवढी आधी कळवा. मागच्या खेपेला सूचना मागवल्याची नोटीस फळ्यावर लागली तेव्हा सूचना पाठवायची मुदत होऊन गेली होती.

आपली,
दांडिया बाजारातली एक संगणक-शिक्षिका,
बडोदे